न उमटलेलं वर्ष

त्या मंगळवारी वारा ईशान्येचा होता आणि हिल्डिंगला तो पसंत होता. त्र्याहत्तर वर्षांच्या त्या गड्यानं सुकं दगडफूल तळहातावर चोळलं, भुगा हवेत सोडला आणि तो कुठे जातो ते बघत राहिला. विद्यापीठाच्या गटाकडे वारा मोजायची तीन यंत्रं होती. तरीही सगळे त्या भुग्याकडेच बघत होते.

"आग लावा," तो म्हणाला. "पण पलीकडच्या कडेनं. वाऱ्याच्या विरुद्ध चालू दे तिला. वारा पाठीशी मिळाला की ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही."

"माझ्या बापाचं तरी ऐकते का?" इल्वानं विचारलं. ती त्याची मुलगी आणि या गटाची प्रमुख.

"तुझ्यापेक्षा जास्त."

बारा हेक्टर पाइनचं रान ते त्या दिवशी मुद्दाम जाळणार होते. आगी विझवण्यात माणसं इतकी तरबेज झाली होती, की उत्तर स्वीडनच्या या रानानं शंभर वर्षांत राख पाहिली नव्हती. राखेच्या आधारानं जगणारे जीव त्यामुळे एकेक करून दिसेनासे होत होते. जळक्या खोडात अंडी घालणारे काळे भुंगे, त्यांच्या अळ्यांवर पोसणारे सुतारपक्षी, मातीत नुसतं बी होऊन पडून राहिलेलं एक निळं रानफूल. हिल्डिंगची उभी हयात लाकूडतोडीत आणि वणवे विझवण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर तो मुलीबरोबर आगी लावायला येऊ लागला. "चाळीस वर्षं चुकीच्या बाजूनं खेळलो," असं तो सगळ्यांना हसत सांगायचा.

दुपारी ज्वाळा बसल्या आणि नुसता धूर उरला, तेव्हा कॉफीची किटली खाली उतरली. तिकडच्या रीतीप्रमाणे प्रत्येकानं आपापल्या लाकडी पेल्यात, कॉफीतच, चीजचे तुकडे टाकले.

"हिल्डिंग, तुमच्या कॉलरवर भुंगा बसलाय!" तूवा ओरडली. ती गटातली सगळ्यात नवी विद्यार्थिनी.

"बसू दे गं. धुराच्या वासावर मैलोन्मैल उडत आलाय. पाहुण्याला कुणी असं हाकलतं?"

तूवा हसली. मग इल्वाकडे वळून म्हणाली, "आम्हाला पहिल्याच आठवड्यात तुमचं ते न उमटलेलं वर्ष शिकवलं. कसं सुचलं असेल हो तुम्हाला!"

हिल्डिंग पेल्यातलं चीज चमच्यानं शोधत होता. "डोकं आहे तिला," तो म्हणाला. "आईवर गेलीय."

इल्वाच्या घशाशी शब्द आले. गेली पंधरा वर्षं ते असेच येत होते.

जुन्या पाइनला आग चाटून गेली की खोडावर व्रण राहतो. खोडाची चकती कापून, घासून तिची वर्तुळं बाहेरून आत मोजली, की आग कोणत्या साली लागली ते कळतं. पीएचडी करताना इल्वानं अकरा चकत्या मोजल्या. पाच चकत्या १८३१ सांगत होत्या, सहा १८३२. म्हणजे लागोपाठ दोन उन्हाळे वणवे, असा निष्कर्ष तिनं मोठ्या उत्साहानं लिहूनही टाकला. त्या चकत्या वडलांच्या शेडमध्ये, त्यांच्याच हातांनी घासून आरशासारख्या झाल्या होत्या. त्यांनी तिचा कागद वाचला आणि विचारलं, "जळलेलं रान दुसऱ्या वर्षी कसं जळेल? त्याला खायला काय उरलं होतं?"

"पप्पा, हे मोजलेलं आहे."

"व्रणाच्या बाजूनं मोजलंयस. होरपळलेलं झाड त्या अंगानं एखादं वर्ष वाढतच नाही. वर्तुळ उमटतच नाही, मग आग एक वर्ष अलीकडची वाटते. पाठीकडून मोज."

ती दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पाठीकडून मोजलं. अकराच्या अकरा चकत्यांनी १८३१ सांगितलं. आग एकच होती.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, "हे तुमच्या लक्षात कसं आलं?" लाकूडतोड्याची मुलगी आहोत हे त्या सभागृहात तिला नको होतं. "मला शंका आली," ती म्हणाली. मागच्या रांगेत, बायकोच्या अंत्यविधीला शिवलेल्या सुटात, हिल्डिंग बसला होता. प्रबंधाच्या शेवटी तिनं मार्गदर्शक बाईंचे, रेनडिअर पाळणाऱ्या गावकऱ्यांचे, पेक्का नावाच्या कुत्र्याचेही आभार मानले होते. हिल्डिंगनं ते इंग्रजी पान शब्दकोश घेऊन वाचलं आणि एवढंच म्हणाला, "पेक्काचं नाव बरोबर लिहिलंयस."

आता सांग, इल्वा स्वतःला म्हणाली. ही पोरगी समोर आहे, तोही समोर आहे.

"पप्पा, अजून कॉफी घेणार?" तिनं विचारलं.

त्यानं ओठांचा चंबू करून श्वास आत ओढला. त्या भागात 'हो' असंच म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो घराच्या पायरीवर बसलेला शेजारणीला दिसला. एक बूट पायात होता, दुसरा हातात. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. त्याला काही कळलंही नसेल.

दुःख यायचं ते आलंच. पण रोज सकाळी त्याच्याही आधी कृतज्ञता येई आणि इल्वाला तिचं काय करावं ते कळत नसे. कुऱ्हाडीला धार लावायला त्यानं शिकवलं होतं. वाऱ्याला भ्यायचं पण पळायचं नाही, हेही त्यानंच. साऱ्या हिवाळाभर तो तिच्या चकत्या घासत बसला होता आणि तिनं एकदाही थांब म्हटलं नव्हतं. तिला हातानं काम करता येत होतं, रान वाचता येत होतं. यातलं आपलं आपण कमावलेलं काय, हे ती शोधायला बसली की फारसं काही सापडत नसे. त्याचं तिला वाईट वाटत नसे, उलट बरंच वाटे.

ऑगस्टमध्ये विद्यार्थ्यांचा वर्ग त्याच जळक्या रानात भरला. काळ्या जमिनीवर निळी फुलं आली होती. कितीतरी वर्षं मातीत पडून राहिलेलं बी त्या एका आगीनं जागं केलं होतं. इल्वाच्या मार्गदर्शक गुन्वोरबाई काठी टेकत आल्या होत्या. त्यांनी एका व्रणावर बोट ठेवलं.

"इथं सगळे फसतात," त्या मुलांना म्हणाल्या. "आम्ही सगळे फसलो होतो. दिसलं ते फक्त इल्वाला."

मुलांनी इल्वाकडे पाहिलं. तूवानं वही उघडली.

"मला नव्हतं दिसलं," इल्वा म्हणाली.

गुन्वोरबाईंनी मान वर केली. "काय म्हणालीस?"

"मी दोन आगी लिहिल्या होत्या, बाई. पाठीकडून मोज, असं माझ्या वडलांनी सांगितलं. हिल्डिंगनं. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही, आणि मग ते माझं म्हणून सांगितलं. सभागृहात, त्यांच्या देखत." तिनं तूवाच्या वहीकडे बोट दाखवलं. "लिहून घे, तूवा. त्यांचं नाव लिही."

मग ती मुलांकडून त्या काळ्या झाडांकडे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पप्पा, ते तू शोधलंस. थँक्यू."