चोपन्नचा जन्म

कंपोझिटरकाकांचं आयुष्य छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे उलटे जुळवण्यात गेलं. युद्धं पेटली, राजे पळाले, भिंती पडल्या; काकांनी ते सगळं उलटं वाचलं आणि हात धुऊन घरी गेले. उमेदवारी संपवून नोकरीचा अर्ज भरतानाही हात सवयीने उलटा फिरला आणि जन्मसाल पंचेचाळीसचं चोपन्न झालं. छापखान्यात नऊ वर्षांचा कंपोझिटर रुजू झाला. मालकाच्या लक्षात आलं नाही. मालक काही वाचत नसे, म्हणून तर त्याचं वर्तमानपत्र चाललं. पुढची सगळी कागदपत्रं त्या अर्जावरूनच निघाली.

आता काकूंना विसरण्याचा आजार जडला होता आणि वृद्धाश्रमाने त्यांना ठेवून घेतलं होतं. नवऱ्याला सोबत राहायचं तर वय पंचाहत्तरच्या पुढे हवं. काका शहात्तरचे, कागदावर सदुसष्टचे. भेटीची वेळ चार ते पाच. रोज चार वाजता काकू त्यांना कालच्यापेक्षा थोडं कमी ओळखत.

"चोपन्न धरलं तर लग्नात मी पंधराचा होतो, बाई," काका आश्रमाच्या कारकूनबाईंना म्हणाले.

"होत असत तशी लग्नं तेव्हा."

"माणूस चंद्रावर उतरला त्याच आठवड्यात झालं. तो मथळा मीच जुळवला. हे बघा." त्यांनी पिवळं पडलेलं कात्रण पुढे केलं.

बाईंनी ते नीट पाहिलं. "यात चंद्र आहे, काका. तुम्ही कुठे आहात?"

काकांनीही पाहिलं. खरंच नव्हते.

"तुमचं वय माहीत असलेलं कोणी हयात आहे?"

"एकच."

बाई मनाने वाईट नव्हत्या. फॉर्म घेऊन त्या स्वतः काकूंच्या खोलीत आल्या.

"काकू, तुमच्या मिस्टरांचं वय काय?"

"चोवीस," काकू तत्काळ म्हणाल्या.

बाईंनी लिहून घेतलं. "काका, तुम्ही तर येता-जाता लहान होताय."

"आणि हे कोण?" बाईंनी काकांकडे बोट दाखवून विचारलं.

काकूंनी त्यांना खालून वर न्याहाळलं. "कोणी सज्जन दिसतात. आमच्या ह्यांच्याकडे छापखान्याचं काही काम असेल. ते यायचेत अजून, आज मोठी बातमी आहे." मग काकांकडे वळून म्हणाल्या, "बसा ना. येतीलच ते."

बाईंनी फॉर्मवर 'नामंजूर' लिहिलं, अक्षर जमेल तेवढं बारीक काढून.

"बसतो," काका म्हणाले. पाचला दहा मिनिटं कमी होती.