खोली चारमधला बांध

आकाराम आणि बापूसो यांच्यात तीस वर्षं अबोला होता आणि दोघांनी तो पोटच्या पोरासारखा सांभाळला होता. बिद्रीकडच्या गावात दोघांचं शेताला शेत लागून. दर नांगरटीला बापूसोनं बांध इकडून कोरायचा, आकारामनं तिकडून. पुढं दोघांच्या मुलांनी एक होऊन दोन्ही शेतं विकली. तिथं मंगल कार्यालय झालं, आणि ज्या बांधापायी डोकी फुटली त्यावर आता वऱ्हाडाच्या गाड्या लागतात.

बापूसोला मुलानं कोल्हापुरात वृद्धाश्रमात ठेवलं, आणि इकडं आकारामचं अन्नपाणी तुटलं. सकाळी उठून नजर कुणावर ठेवायची? शेवटी तो मुलाला म्हणाला, "मला बी तितंच घाल. त्येला एकट्याला मोकळं सोडलं तर सगळा आश्रम गिळंल त्यो."

मुलाला वाटलं, बाबांना मैतराची आठवण येते. त्याचे डोळे भरून आले. आकारामनं त्याला चार शिव्या हासडल्या आणि पिशवी भरली.

हट्ट करून त्यानं खोलीही बापूसोचीच, चार नंबरची, घेतली. दोन खाटा आणि मध्ये फरशीची एक ओळ. झालं, तोच बांध. बापूसो अंघोळीला गेला की आकाराम खाट बोटभर पुढं ढकली. आकाराम नाष्ट्याला गेला की बापूसो. मग भांडण. पण अबोला असल्यामुळं भांडायला शेजारच्या खोलीतून शालूबाईंना बोलवावं लागे.

"शालूबाई, त्यास्नी सांगा, खाट मागं घ्या."

"शालूबाई, त्यास्नी सांगा, आदी सातबारा दाखवा."

शालूबाई दोन्ही वाक्यं इमानेइतबारे पोचवत. गुडघे दुखत होते, पण बाईंना इतकं कुणी कधी बोलावलं नव्हतं.

आश्रम चालवणाऱ्या प्रियदर्शनी मॅडम मात्र पुण्याहून कसलंसं शिबिर करून आल्या होत्या. वृद्धांना मैत्री लागते, तंटा नाही, असं त्यांना तिथं कळलं होतं. त्यांनी जाहीर केलं, "बापूसोकाका उद्या आपल्या हातकणंगल्याच्या शाखेत जातील. दोघांनाही शांतता मिळेल."

आकारामनं बापूसोच्या खाटेकडं बघितलं. आश्रमात माणसं वाईट नव्हती. रामराम घालत, कॅरमला बोलवत. पण त्याच्या शेतातल्या विहिरीशेजारचं जांभळीचं झाड किती गोड होतं, हे त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. बापूसोला माहीत होतं. निम्मी जांभळं त्यानंच चोरली होती. तो गेला की आकारामचं शेत या जगात कुठंच उरणार नव्हतं. वाईट वाटलं त्याला, फार वाईट वाटलं, आणि म्हणूनच तो ओरडला, "शालूबाई, त्यास्नी सांगा, मी मोजणी मागणार!"

"त्यास्नी सांगा," बापूसो त्याहून मोठ्यानं ओरडला, "मोजणी पैल्यांदा मी मागणार!"

आश्रमात जोतीराम होते, मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. रिटायर झाल्यापासून त्यांना कुणी काही मोजायला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून हजर झाले. मोजणीची साखळी नव्हती, म्हणून शालूबाईंचं वाळत घातलेलं लुगडं घेतलं. सगळा आश्रम पंच म्हणून खोलीत घुसला. बाहेर बापूसोला न्यायला आलेला व्हॅनवाला हॉर्न वाजवून दमला.

"काका, चला ना," मॅडम काकुळतीला आल्या.

"मॅडम, मोजणी चालू हाय," जोतीराम म्हणाले. "कबजेदाराला हलवता येत न्हाय."

"पण ही फरशी आश्रमाची आहे!"

"मग तुमी बी पक्षकार. हितं ऱ्हावा हुबं."

मॅडम खरोखरच उभ्या राहिल्या. जोतीरामांनी लुगडं आडवं धरलं, उभं धरलं, भिंतीपासून मापलं, खिडकीपासून मापलं. मग चष्मा पुसून घसा खाकरला. "तर निकाल असा, की ही फरशीची ओळ..."

आकारामच्या ध्यानात आलं की निकाल लागला तर वाद संपला, आणि वाद संपला तर व्हॅन दारातच आहे. त्यानं बापूसोकडं बघितलं. बापूसोचंही तोंड पडलं होतं.

"निकाल नगं!" आकाराम ओरडला.

"तारीख द्या!" बापूसो ओरडला.

जोतीराम काय ते समजले. शर्टाची कॉलर नीट करून म्हणाले, "पुढली तारीख, पुढच्या वर्साचा मिरग झाल्यावर. दोनी पक्षकार जातीनं हजर पायजेत. न्हाय आला त्याचा बांध गेला."

मॅडमनी कपाळाला हात लावला आणि व्हॅन परत पाठवली. पंच चहाला गेले. शालूबाई लुगड्याची घडी घालायला लागल्या.

"शालूबाई," आकाराम म्हणाला, "त्यास्नी सांगा, तारखंला हजर ऱ्हायाचं. मधीच कुटं जायाचं न्हाय."

"एवढं तरी तुमी सांगा की," शालूबाई म्हणाल्या. "तोंड हाय न्हवं?"

आकारामनं मान वळवली. "बापू, हजर ऱ्हा."

"बगू," बापूसो म्हणाला. त्यानं नाक ओढलं, डोळे पुसले आणि खाली वाकून फरशी बघितली. "आदी खाट मागं घे."

आकारामनं जराही हलवली नाही.