पानाची बेंबी

सही करायची नाही, एवढं सुजातानं बुधवारी सकाळीच ठरवून टाकलं होतं. का करायची नाही, ते मात्र तिला अजून ठाऊक नव्हतं.

सुजाता गमरे ख्राइस्टचर्चच्या विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवायची. महाडजवळची पोर. पुण्यात शिकली, पीएच.डी.ला इकडे आली आणि इकडचीच झाली. पण गेली तीन वर्षं तिचा अर्धा जीव पृथ्वीच्या पार पलीकडच्या अंगाला अडकून पडला होता, कॅरिबियन समुद्रातल्या एका विद्यापीठात. त्या विद्यापीठाचा संसार तीन बेटांवर मांडलेला. तीन बेटं, तीन कॅम्पस, मधे नुसता समुद्र. एकट्याला जे झेपत नाही ते तिघांनी मिळून उचलायचं, म्हणून त्यांनी संशोधनाचे गट बांधले होते, आणि त्यातला एक गट होता अळवाचा. हो, अळूच. आपल्याकडे वडीला लागतं ते. तिकडे त्याच्या पानांचं कललू नावाचं दाट फतफतं करतात आणि कंद उकडून खातात. गटात एक माणूस बाहेरचं हवं असा नियम होता. एका परिषदेत चहाच्या रांगेत सुजातानं ‘अळू’ ऐकलं, मागे वळली, आणि ते बाहेरचं माणूस होऊन बसली.

काम सरळ होतं. तिकडच्या अळवाला करपा धरत होता; पानं जळून काळी पडायची, कंद मुठीएवढाही भरायचा नाही. म्हणून पॅसिफिकमधून करप्याला दाद न देणारे सहा वाण आणले आणि तिन्ही बेटांवर लावले. नव्या वाणांच्या दर दोन ओळींमधे तिथल्या गावठी अळवाची एक ओळ घालायची. ती आधी करपणार, तिच्यावरून रोग शेजारी जाणार, आणि मग कळणार कोण तग धरतं. सुजाता त्या ओळीला मनातल्या मनात चुगलखोर ओळ म्हणायची.

तीन वर्षांचे आकडे आले. मोठ्या बेटावर आणि मधल्या बेटावर चुगलखोर ओळींनी आपलं काम चोख केलं होतं. त्या जळाल्या, सहातले चार वाण जळाले, दोन पाय रोवून उभे राहिले. धाकट्या बेटावर मात्र काहीच जळालं नव्हतं. नवं नाही, गावठी नाही, एक पान नाही. छत्तीस महिने शून्य, शून्य, शून्य.

मोठ्या कॅम्पसचे प्रोफेसर बार्टली गटाचे प्रमुख. त्यांचं पत्र आलं, मोठ्या सभ्य भाषेत. धाकट्या कॅम्पसचे आकडे विश्वास ठेवण्यापलीकडे स्वच्छ आहेत, तेव्हा ते अहवालातून वगळावेत. ज्याचे आकडे नाहीत तो कॅम्पस अर्थातच पुढच्या टप्प्यात असणार नाही. असं वगळणं शास्त्राला धरून आहे अशी सही सुजातानं शुक्रवारच्या बैठकीआधी द्यावी. ‘खोटे’ हा शब्द पत्रात कुठंच नव्हता. पण घरात मेलेला उंदीर असावा तसा तो होता.

धाकट्या कॅम्पसचं काम बघायची ओडेट ऑगस्टिन. ती मातीची तज्ज्ञ. तिथं चार अध्यापक आणि एक गळकं छप्पर. वनस्पतीशास्त्राचं कुणी नव्हतंच. तिनं सुजाताला फोन केला तो रडायला नव्हे.

“मी आकडे बनवले असते ना,” ती म्हणाली, “तर थोडा करपा घातला असता त्यात. इतकी मूर्ख नाही गं मी.”

सुजाता हसली. फोन ठेवल्यावर मात्र तिला स्वतःचा दहावीचा गणिताचा पेपर आठवला. शंभरपैकी शंभर पडले तेव्हा शाळेत पेढे वाटले नव्हते. पोरगी कुठल्या वाडीतली, शेजारी कोण बसलं होतं, याची विचारपूस झाली होती. मंदाआत्या, जी बाजारात अळवाच्या जुड्या विकायची, ती डोक्यावरची पाटी शाळेच्या पायरीवर उतरवून हेडमास्तरांच्या खोलीत शिरली होती. तुमच्याकडचं सगळ्यात अवघड गणित घाला, म्हणाली, पोरगी इथंच उभ्यानं सोडवील. नाही सुटलं तर शंभराचे शून्य करा. गणित सुटलं. आत्यानं पाटी उचलली आणि बाजाराला उशीर झाला म्हणून दिवसभर सुजाताच्याच नावानं बोटं मोडली.

विराज, तिचा नवरा, इमारतींच्या कामावर इंजिनिअर. जेवताना म्हणाला, तू बाहेरची सभासद आहेस, ते त्यांचं त्यांचं भांडण, सही करून मोकळी हो. वर, हे सगळं फुकटचं काम आहे, याचीही आठवण त्यानं करून दिली. बारा वर्षांची रिया ताटातून मान वर न करता म्हणाली, “मम, इट्स जस्ट लीव्ह्ज.”

“लीव्ह्ज तर लीव्ह्ज,” सुजाता म्हणाली. “मी ती अजून बघितलेलीच नाहीयेत.”

आणि बोलता बोलता तिचं तिलाच उमगलं की हे खरं आहे. तीन वर्षं तिनं पान पाहिलं नव्हतं. तिन्ही बेटांवर दर महिन्याला लाकडी चौकट धरून पानांचे वरून फोटो काढत, सुजातानं बसवून दिलेलं यंत्र ते फोटो वाचून किती भाग करपला ते टक्क्यांत सांगे, आणि टक्के तेवढे सुजाताकडे येत. तिनं रात्रीच ओडेटला निरोप धाडला. टक्के नकोत. फोटो पाठव. तिन्ही बेटांचे.

गुरुवारी नॉरवेस्टर सुटला होता. डोंगरावरून येणारा तो गरम, चिडका वारा खिडकीची तावदानं हलवत होता, आणि विद्यार्थी मार्चमधेच कंटाळून गवतावर आडवे झाले होते. सुजातानं खोलीचं दार लावून घेतलं आणि पहिला फोटो उघडला. मग दुसरा. चार हजार होते. पावसात भिजलेलं पान आलं, त्याच्यावर थेंब पाऱ्यासारखे गोळा होऊन निसटायच्या बेतात. तिच्या ओठावर आपसूक आत्याची ओवी आली:

पान अळवाचं गं बाई, पाणी ठरंना थेंबभर
बाबासायबांचा शबूद माझ्या ठरला जन्मभर

ओवी पुटपुटत ती पुढं जात राहिली. मोठ्या बेटाचं पान, मधल्या बेटाचं पान. प्रत्येकाच्या पोटावर, शिरा जिथून चहूकडे पांगतात आणि खालून देठ चिकटतो तिथं, एक फिकट ठिपका. मग धाकट्या बेटाचं पान आलं आणि ओवी थांबली.

नव्या वाणांना ठिपका होता. चुगलखोर ओळीतल्या पानाला तो नव्हता. ते पानही मोठं, हिरवंगार, बदामी आकाराचं. पण वरची खाच खोलवर आत गेलेली, आणि त्या खाचेच्या टोकालाच देठ चिकटलेला. पोट सपाट.

जुड्या बांधताना लहानपणी तिच्या हातावर फटका बसायचा तो याच्यासाठीच. ओढ्याकाठी दोन्ही पानं शेजारी शेजारी उगवायची आणि पोरगी घाईत काहीही खुडायची. आत्या पान तिच्या नाकासमोर धरायची आणि म्हणायची, पोटाला बेंबी त्याची वडी, काठाला देठ त्याला सोडी. गिऱ्हाइकाचा घसा खाजला तर उद्या तुझ्या बापाला विकू का जुड्या?

धाकट्या बेटावरच्या गावठी ओळीतल्या एकाही पानाला बेंबी नव्हती. ते अळू नव्हतंच. अळवाचं चुलत भावंड होतं, आणि करपा चुलत घरी जेवायला जात नाही. चुगली करणारंच कुणी नसेल, तर रोग यायचा कुठून? आकडे खरे होते. प्रत्येक शून्य खरं होतं.

सुजाता उठली, खोलीत दोन येरझारा घातल्या, आणि लागवडीच्या सूचनांचा कागद शोधून काढला, भलतंच रोप तिथं कुणी आणि का लावलं ते बघायला. ते वाक्य चौथ्या पानावर होतं. पहिल्या मसुद्यात तिथं अळवाचं लॅटिन नाव होतं. त्यावर काट मारून शेजारी लिहिलेलं होतं: घरोघरी ज्याच्या पानांचं कललू करतात ते गावठी रोप लावावं. आणि समासात टीप: शेतात राबणाऱ्या माणसाला लॅटिन कशाला? त्याच्या घरच्या भाषेत सांगा.

टीप सुजाताची होती. वाक्यही तिचंच. किती अभिमानानं लिहिलं होतं ते तिनं! धाकट्या बेटावर घरोघरी कललू होत होतं ते बिनबेंबीच्या पानाचं. त्यांनी तिचं वाक्य अक्षर न अक्षर पाळलं होतं.

ती खुर्चीत बसली. फोटो कुणी बघितले नव्हते, बघणारही नव्हतं. सही केली तर प्रकरण मिटत होतं. सही न करता ‘तिथल्या लोकांनी भलतंच रोप लावलं’ एवढंच सांगितलं तरी ते खोटं ठरलं नसतं. ओडेट लबाडीतून सुटली असती आणि अडाणीपणात अडकली असती. सुजातानं उठून खिडकी घट्ट लावली. मग दोन्ही मसुदे, तारखांसकट, एका फाइलीत ठेवले आणि आकड्यांना पुन्हा हात घातला. ती शून्यं आणखी काय सांगू शकतात ते बघायचं होतं.

शुक्रवारी सकाळी आठला, म्हणजे तिकडे गुरुवारी दुपारी तीनला, पडद्यावर तिन्ही कॅम्पस उगवले. मधल्या बेटाचे दोघे एकाच माइकवर दाटीनं बसलेले. ओडेट ताठ मानेनं. प्रोफेसर बार्टलींनी कुशल विचारलं आणि सही अजून पोचली नसल्याचं हळूच सुचवलं.

“पोचणार नाही,” सुजाता म्हणाली. “आधी दोन पानं बघा.”

तिनं दोन फोटो शेजारी शेजारी लावले आणि बेंबी दाखवली. इंग्रजीत बेंबीला जे म्हणतात तेच म्हणाली, दुसरा शब्द शोधला नाही. मधल्या बेटाच्या माइकवर कुणीतरी फिसकन हसलं. बार्टली हसले नाहीत. ते चष्मा काढून पडद्याजवळ आले, आणि त्यांचा चेहरा शाळेतल्या पोरासारखा होत गेला.

ते म्हणाले की हा फरक त्यांना वयाच्या सहाव्या वर्षापासून माहीत आहे. आईनं शिकवला होता. फोटो मात्र त्यांनीही कधी उघडले नव्हते. तरी प्रमुख तो प्रमुखच. सावरून म्हणाले, मग तर धाकट्या कॅम्पसला वगळायलाच हवं. चुकीचं रोप लावल्यावर प्रयोगच बाद.

“रोप चुकीचं नाही लावलं,” सुजाता म्हणाली. “वाक्य चुकीचं लिहिलं. आणि वाक्य माझं आहे.”

तिनं दोन्ही मसुदे पडद्यावर टाकले. काट, टीप, तारीख, सही. ओडेटनं फक्त तिच्याकडे पाहिलं, आणि सुजाताचे कान तापले. पण पाटी आता पायरीवर उतरवलेली होती, उचलून परत जाणं नव्हतं. तिनं पुढं सांगितलं. करपा नसेल तेव्हा हे सहा वाण किती कंद देतात, हे मोठ्या आणि मधल्या बेटावर कुणाला कळूच शकत नाही, कारण तिथं करपा आहे. ते फक्त धाकट्या बेटावर कळतं. रोगानं नेमकं किती खाल्लं ते मोजायला आधी भरलेलं ताट दिसावं लागतं, आणि ते ताट ओडेटकडे आहे. तिनं रात्री गणित केलं होतं. तग धरणाऱ्या दोन वाणांपैकी एक निरोगी शेतातसुद्धा जेमतेम कंद देत होता. त्याच्या नादाला लागून शेतकऱ्यांनी घरचं अळू उपटलं असतं तर पुढं पस्तावले असते. हे धाकट्या कॅम्पसला वगळून समजलं नसतं.

बार्टलींनी कागदावर काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मधल्या बेटानं विचारलं, चूक अहवालात लिहायची का. सुजाता म्हणाली, स्वतंत्र परिच्छेदात, आणि तो मी लिहीन. त्यावर बार्टली म्हणाले की त्यांचंही एक वाक्य त्यात येईल, न उघडलेल्या फोटोंबद्दल. मग मान वर करून ओडेटला त्यांनी नावानं हाक मारली, आणि ते पत्र आपण मागे घेत आहोत, असं सगळ्यांदेखत सांगितलं. तिन्ही कॅम्पस राहतील.

“बरं,” ओडेट म्हणाली. “पण माझ्या लोकांना कोण सांगणार? छत्तीस महिने भलत्या ओळीला पाणी घातलंय त्यांनी.”

सांगते मी, सुजाता म्हणाली.

ओडेट फोन घेऊन तशीच बाहेर पडली. पडद्यावर ऊन, मग कुंपण, मग लाल माती हलत गेली, आणि शेवटी जोसेफबाबा दिसले. सत्तरीचे, टोपी कपाळावर, प्रयोगाच्या शेतावर पहिल्या दिवसापासून. सुजातानं त्यांना काही न लपवता सगळं सांगितलं, कुणाचं वाक्य होतं तेसुद्धा. त्यांनी ऐकून घेतलं.

“ज्याला बेंबी असते ते नदीपलीकडे लांब, डोंगराआड आहे,” ते म्हणाले. “दर पावसाळ्यात करपतं. पाहिजे तेवढं आणून लावतो. पण पोरी, आमचं पान आजारी पडत नाही, हे मी पहिल्याच महिन्यात लिहून दिलं होतं. शेवटच्या रकान्यात. नंतरही लिहीत होतो. कुणी वाचलं नाही का?”

फोटोंसोबत भरून धाडायच्या तक्त्यातला शेवटचा रकाना शेऱ्यांचा होता. शब्दांची बेरीज होत नाही म्हणून सुजाताचं यंत्र तो दर महिन्याला गाळून टाकायचं. तसं तिनंच त्याला सांगून ठेवलं होतं.

“नाही वाचलं,” ती म्हणाली.

“मग वाच आता,” जोसेफबाबा म्हणाले आणि टोपी सरळ करून कामाला वळले.

दहाला विभागाची मीटिंग होती. सुजातानं येत नसल्याचं कळवलं, गाळलेला रकाना परत ओढून आणला, आणि पहिल्या महिन्याच्या पहिल्या शेऱ्यापासून वाचायला बसली.