सुताराची रजा

मी एक लाकडी स्टूल. बोलायची मला सवय नाही. माझं काम लोकांचं वजन पेलायचं. पण त्या दिवशी जे ऐकलं, ते पोटात ठेववत नाही.

मला घडवलं या घरच्या सुतारानं, लेकीचा हात फळीपर्यंत पोचावा म्हणून. एकही खिळा न ठोकता, नुसत्या खाचा जुळवून. पुढे एका भांडणात त्याच्या हातून माणूस गेला आणि तो तुरुंगात गेला. त्याच्या वडिलांनी मला मोरीत नेऊन टाकलं. माझ्यावर बादली आली. माणसांचा राग असा वस्तूंवर निघतो. वस्तू उलट बोलत नाहीत ना!

लेक मात्र उलट बोलायची. कॉलेजात गेल्यावर तर फारच.

तुरुंगातूनही थोड्या दिवसांची रजा मिळते. सुतारानं दोनदा अर्ज केला, दोनदा नामंजूर. "साहेबांच्या मनात नाही," आजोबा सांगायचे. आता त्याच्या बायकोचं ऑपरेशन ठरलं. त्यानं पुन्हा अर्ज केला आणि चौकशीला हवालदार दारात उभा राहिला. आजोबा एकुलत्या एका खुर्चीवरून हलेनात. लेकीनं बादली उतरवली, मला पुसलं आणि पुढे ठेवलं.

"मोडणार नाही ना?" हवालदारानं विचारलं.

"बाबांनी केलंय. तुम्ही मोडाल, ते नाही."

तो हसत टेकला. गुडघे चोळत म्हणाला, "बरं झालं बसवलंत. मागे दोन्ही वेळा आजोबा एकटेच होते, उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं मला. 'आम्हाला तो घरात नको' म्हणाले. घरच्यांनाच नको, मग वरचे कशाला सोडतील?"

लेक गर्रकन वळली. "आबा! साहेबांच्या मनात नव्हतं ना?"

"अगं, लोक काय म्हणतील..."

"लोक येणारेत का दवाखान्यात आईजवळ बसायला?"

आजोबा हळूच म्हणाले, "आणायला कोणीही जाईल गं. दिवस संपले की परत नेऊन कोण सोडणार? एकदा बघितलंय मी त्याला आत जाताना. पुन्हा नाही बघवणार."

लेक त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसली. म्हणाली, "तुम्ही नका येऊ, आबा. मी सोडून येईन. काका, हमी माझी लिहा. सज्ञान आहे मी."

हवालदारानं आजोबांकडे पाहिलं.

"लिहा तिचं नाव," आजोबा म्हणाले. "माझं कधी ऐकलंय तिनं?"

मंजुरी अजून यायची आहे. मी आता दाराशी असतो. संध्याकाळी आजोबा खुर्ची सोडून माझ्यावर येऊन बसतात आणि रस्त्याकडे बघत राहतात.

तुमच्याही दारात कोणी असं विचारायला आलं, तर 'हो' म्हणा की 'नाही', तुमची मर्जी. पण आधी त्याला बसायला द्या. उभ्या माणसाला परत पाठवणं फार सोपं असतं.