हातभर अलीकडे

बोट आली हे सांगायला भोंगा होता, पण ती नीट लागली की नाही हे सांगायला घड्याळमास्तर पुरेसे होते. हे गृहस्थ सकाळी पलीकडच्या काठावर कामाला जायचे, संध्याकाळी परत यायचे आणि मधल्या वेळात बहुधा मनगटावरच्या घड्याळाकडे बघण्याचीच नोकरी करायचे. बोट धक्क्याला टेकली, दोर बांधले गेले आणि तरी दार काही नळीच्या तोंडासमोर आलं नाही, की गर्दीतून त्यांचा आवाज यायचा, "वहिनी, आज उतरायचं आहे की इथंच मुक्काम?"

वहिनी, म्हणजे नळीवर काम करणारी बाई, गप्प राहायची. बोलून सांगणार काय? बोट वेडीवाकडी लावणारा माणूस तिचा सख्खा सासरा होता.

नळी म्हणजे पायी प्रवाशांचा गँगवे. कागदोपत्री गँगवे, लोकांच्या तोंडी नळी. पूर्वी लोक गाड्यांच्या उतारावरूनच, दोन ट्रकांच्या मधून, धूर खात चढायचे-उतरायचे. आता इमारतीच्या वरच्या मजल्यापासून निघालेली, छताची आणि काचेच्या खिडक्यांची लांबलचक करडी नळी थेट बोटीपर्यंत आली होती. तिच्या टोकाला लोखंडी फळी. बटण दाबलं की फळी खाली येऊन बोटीच्या डेकवर टेकायची आणि माणसं घरच्या व्हरांड्यातून चालावं तशी चालत यायची. अट एकच होती, बोटीचं दार फळीच्या बरोबर समोर यायला हवं. त्यासाठी धक्क्याच्या कडेला एक पिवळी रेघ मारली होती आणि बोटीच्या कठड्यावर दुसरी. दोन रेघा जुळवायच्या, बस. बालवाडीतल्या पोरांकडून चित्र रंगवून घेताना सांगतात तेवढंच सोपं.

आणि उभा जन्म सुकाण्यावर काढलेल्या सासऱ्यांना तेवढंच जमत नव्हतं. बोट यायची झोकात, पाण्यावर सुरकुतीसुद्धा न उठवता, आणि थांबायची रेघेच्या हातभर अलीकडे. दर खेपेला अलीकडेच. फळी मग अर्धी डेकवर आणि अर्धी हवेत अशी तिरकी टेकायची. एका बाजूला फट राहायची, खाली काळं पाणी चुबुकचुबुक करत असायचं, आणि ती फटीपाशी उभी राहून एकेकाचा हात धरून उतरवून घ्यायची. पिशव्या, सायकली, बाबागाड्या, गुडघेदुखीच्या आजीबाई. संध्याकाळपर्यंत तिच्या खांद्याचं भजं व्हायचं.

तिच्या हातात वॉकीटॉकी होता. नियम असा होता, की नळीवरच्या माणसानं बोटीला "पुढे घे, मागे घे" असे दोन शब्दांत हुकूम सोडायचे. आता ज्या माणसासमोर आपण पहिल्या दिवशी वाकून नमस्कार केला आणि ज्याच्या ताटात रोज आपण भाजी वाढतो, त्याला अख्ख्या धक्क्यादेखत "मागे घे" कसं म्हणायचं? ती म्हणायची, "बाबा, थोडं पुढे घेता का?" तोवर बोट थांबलेली असायची. शिवाय बाबा ते यंत्र निम्म्या वेळा बंदच ठेवायचे. त्यातली खरखर ऐकून डोकं उठतं, असं त्यांचं म्हणणं. घरी तिनं एकदोनदा आडून विषय काढून पाहिला होता. त्यावर ते म्हणाले होते, की नळी चुकीच्या जागी बांधली आहे, आणि आमटी जरा इकडे सरकव.

मग तिनं तिच्या परीनं उपाय काढला होता. बोट जवळ यायला लागली की ती रेघेच्या जरा अलीकडे असलेली बटणांची पेटी सोडून धक्क्याच्या कठड्याने बोट येते त्या बाजूला पाऊलभर पुढे जायची आणि वाकून रेघ बघायची, हात हलवायची, या, या, अजून या. तरी हातभर अलीकडेच. ती जितकी काळजीनं पुढे जायची, तितकं अंतर वाढल्यासारखंच वाटायचं. आपल्यालाच चिडचिडीनं तसं वाटत असेल, म्हणून ती गप्प बसायची.

त्या दिवशी संध्याकाळी मात्र गप्प बसण्याजोगं राहिलं नाही. तिची चार वर्षांची मुलगी भिंगरी पलीकडच्या बालवाडीत जायची. तिची नणंद तिथेच शिकवायची, त्यामुळे आत्या-भाचीची जोडगोळी रोज याच बोटीनं परत यायची. दिवसभरात आईला पहिल्यांदा बघण्याची जागा म्हणजे ती फळी, त्यामुळे भिंगरी फळीवर कधी चालत यायची नाही, उडी मारतच यायची. आत्यानं हात धरला होता म्हणून बरं. उडी चुकली, पाय फटीत गेला आणि वर आला तेव्हा त्यात बूट नव्हता. निळा, मांजरीचं तोंड असलेला बूट. पाण्यावर क्षणभर तरंगला आणि बोटीखाली गेला.

भिंगरी बुटासाठी रडली. आई कशासाठी रडली नाही ते तिचं तिलाच ठाऊक. तिनं लेकीला उचललं, उघडा पाय मुठीत धरला आणि तो गरम आहे, घामट आहे, जागच्या जागी आहे, हे किती तरी वेळ चाचपत राहिली.

हे सगळं धक्क्याच्या साहेबांनी वरच्या काचेतून पाहिलं होतं. ते खाली आले. माणूस ओरडणारा नव्हता, आणि त्याचीच जास्त भीती वाटायची. उद्या दुपारची बोट मी स्वतः उभा राहून बघणार, असं त्यांनी सांगितलं. उद्याही अशीच लागली तर नळी बंद करून लोकांना पुन्हा गाड्यांच्या उतारानं न्यायचं, आणि चूक नळीची आहे की बोटीची हे तेव्हाच ठरवायचं. नळीची म्हणजे तिची, बोटीची म्हणजे सासऱ्यांची. दोन्हीकडून घर एकच.

रात्री जेवताना बाबांनी नातीला कडेवर घेऊन, उद्या तुला नवे बूट आणतो, मांजरीचे नको, वाघाचे आणू, असं कबूल केलं. सुनेकडे त्यांनी बघितलं नाही. सुनेनं भांडी जरा जास्तच आवाज करून घासली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाईघाईत थर्मासचं झाकण उघडलं आणि चहा सगळा जॅकेटवर सांडला. नारिंगी, चकाकत्या पट्ट्यांचं ते जॅकेट धक्क्यावर प्रत्येकाला घालावं लागायचं. साहेब यायच्या आत वाळायला हवं म्हणून तिनं ते नळाखाली धुतलं आणि ऊन होतं तिथं, म्हणजे नळीच्या पलीकडे, धक्क्याच्या पार टोकाच्या कठड्यावर वाळत घातलं. करड्या स्वेटरमध्ये ती नळीच्या आत, काचेमागे उभी राहिली. बिनजॅकेटचं कुणाला दिसायला नको, एवढाच हेतू.

बोट आली. हातभर अलीकडे थांबली नाही. रेघही ओलांडून गेली. दाराशी हातात पिशव्या घेऊन तयार उभे असलेले प्रवासी नळीच्या तोंडासमोरून सरकत पुढे गेले. लग्नाच्या वरातीतून नवरदेवच घराच्या पुढे जावा, तसे एकमेकांकडे बघत राहिले. बोट धक्क्याच्या टोकाला जाऊन थांबली. दोर पडले. दारासमोर कोरा दगडी धक्का होता आणि त्यावर एक कठडा, आणि कठड्यावर तिचं ओलं जॅकेट.

लोकांनी काय काय म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पलीकडे जायला रांगेत उभ्या असलेल्या घड्याळमास्तरांची मात्र वेगळीच तऱ्हा. त्यांनी घड्याळच मनगटावरून काढून खिशात ठेवलं.

ती कपाळाला हात लावायला निघाली होती. हात अर्ध्यावरच थांबला. तिनं जॅकेटकडे पाहिलं, मग बोटीकडे. दार जॅकेटच्या बरोबर समोर होतं, कुणी मोजून लावल्यासारखं. आणि मग एकेक करून सगळ्या खेपा तिला आठवल्या. कठड्याशी पाऊलभर पुढे जाऊन ती वाकायची, हात हलवायची, या, या, म्हणायची, आणि बाबा यायचे. जिथं ती असायची तिथं. म्हणजे हे इतके दिवस बोट रेघेला लागतच नव्हती. ती सुनेला लागत होती.

आधी तिला हसू आलं. मग तिनं धक्क्यावरून एकदा नजर फिरवली. करडी नळी, करडा धक्का, करडं पाणी, आणि त्यात या माणसाला दिसत होता तो एक नारिंगी ठिपका. त्या ठिपक्याच्या भरवशावर ते रोज एवढी माणसं, आणि त्यांत भिंगरी, काठाला आणत होते.

दुपारी साहेब हाताची घडी घालून उभे राहिले. जॅकेट अजून काखेत ओलसर होतं, तिनं ते तसंच चढवलं. भोंगा वाजला. नेहमीच्या सवयीनं तिचे पाय कठड्याकडे वळले होते. तिनं ते आवरले आणि पिवळ्या रेघेवर जाऊन, फळीशेजारी, खांबासारखी उभी राहिली. हात हलवला नाही, वाकली नाही.

बोट आली आणि रेघेला रेघ जुळली. फळी सपाट टेकली. लोक बोलत, फोनवर भांडत, केळी खात चालून गेले. फट नव्हती, त्यामुळे फळीकडे कुणी पाहिलंही नाही. साहेबांनी दोन्ही रेघा वाकून पाहिल्या. त्यांना जरा वाईटच वाटल्यासारखं दिसलं. बघा, मनावर घेतलं की जमतं, असं तिला सांगून ते वर गेले.

झालं की. इथंच सोडून देता आलं असतं. रोज रेघेवर उभं राहायचं, बाबांनी रोज बरोबर लावायची, कुणाला काही कळायचं कारण नाही. फळीच्या सांध्यावर पाय ठेवून ती तेवढा विचार करत थांबली. मग सरळ बोटीत शिरून सुकाण्याच्या खोलीत गेली.

बाबा समोरची काच फडक्यानं पुसत होते. काच स्वच्छच होती. दाराशी त्यांचा जोडीदार, दुसरा सुकाणूवाला, चहा पीत उभा होता. जाणता, पोक्त माणूस. सूनबाईंचा चेहरा बघून तो कपात खोलवर बघू लागला.

"बाबा, रेघ दिसते का तुम्हाला?"

"कुठली?"

"पिवळी. धक्क्यावरची."

"रंग उडालाय तिचा. किती वेळा सांगितलं, नवी मारा म्हणून."

"नवीच आहे. परवाच पुन्हा मारलीय."

बाबांनी फडकं घडी करून खिशात घातलं, पुन्हा बाहेर काढलं. गेल्या तपासणीला डॉक्टरच्या भिंतीवरचा तक्ता त्यांनी धडाधड म्हणून दाखवला होता, आणि घरी येऊन त्याचं कौतुकही सांगितलं होतं. म्हणून दाखवणं आणि वाचणं यातला फरक तेव्हा कुणाच्या डोक्यात आला नव्हता.

"तू दिसतेस ना," ते म्हणाले. "तेवढं पुरतं मला."

हे त्यांनी इतकं साधेपणानं म्हटलं, की तिच्या महिन्याभराच्या रागाला टेकायला जागाच उरली नाही. रागवावं तर कशावर? या माणसानं आपल्यावर इतका भरवसा टाकला होता, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता. पण निळा बूट डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

"भिंगरी असते बोटीत. रोज."

"तिला मी काही होऊ देईन का?"

"काल बूट पडला, तो दिसला तुम्हाला?"

बाबांनी पुन्हा काच पुसायला घेतली. जोडीदाराचा कप रिकामा झाला होता, तरी तो पीतच राहिला.

तिनं जॅकेटची चेन खाली ओढली आणि जॅकेट काढून हातावर घेतलं. संध्याकाळची बोट यांना आणू द्या, तिनं जोडीदाराकडे बोट दाखवून सांगितलं, आणि उद्या आपण दोघं डोळे दाखवायला जायचं. खराखुरा तक्ता, पाठ केलेला नाही. नाहीतर हे जॅकेट मी घालणार नाही. मग लावा बोट कुठं लावायची तिथं.

"सासऱ्याला धमकी देतेस?"

"हो," ती म्हणाली.

"मोतीबिंदू असेल," बाबा काचेकडे बघत म्हणाले. "काढतात तो."

"असेल तर काढतील."

"आणि नसला तर?"

तिनं त्यांच्या हातातलं फडकं घेतलं, त्याची नीट घडी करून ते काचेखाली ठेवलं आणि खाली उतरली.

संध्याकाळी ती करड्या स्वेटरमध्येच उभी राहिली. साहेब विचारतील तर विचारोत. जॅकेट नळीच्या आत खुंटीला टांगलेलं होतं. बोट आली ती जरा अडखळत, बाबांच्या झोकात नव्हे, एकदा पुढे, एकदा मागे. पण रेघेला रेघ लागली. फळी टेकली. घड्याळमास्तर उतरले, घड्याळ पुन्हा मनगटावर होतं. "वेळेवर," ते म्हणाले, आणि काहीतरी हरवल्यासारखे निघून गेले.

गर्दी सरल्यावर आत्या आली, आणि तिच्यामागून बाबा. नळी बांधल्यापासून ते तिच्यातून एकदाही चालले नव्हते. भिंगरी त्यांच्या हाताला लोंबकळत होती, एका पायात हट्टानं घातलेला उरलेला निळा बूट, दुसऱ्यात आत्याचा मोजा. फळीच्या तोंडाशी ते थांबले.

"इथं पायरी आहे, बाबा."

"माहितेय मला," ते म्हणाले. पाय पुढे करून चपलेच्या टोकानं त्यांनी फळी चाचपली, मग वजन टाकलं. आज भिंगरीनंही उडी मारली नाही. आजोबांच्या चालीनं ती शहाण्यासारखी चालली.

नळीत शिरताच त्यांची तक्रार सुरू झाली. चढ जास्त आहे, खाली खडखड वाजतं, आणि हा असला करडा रंग कुणाला सुचला? ती बटण दाबून फळी वर घेत होती. पाठमोऱ्या त्यांच्याकडे बघून तिनं हाक मारली, कठडा उजवीकडे आहे.

"दिसतोय," बाबा म्हणाले. त्यांचा डावा हात हवेत काहीतरी शोधत होता. भिंगरीनं त्यांना ओढून उजवीकडे नेलं, त्यांचा हात उचलून कठड्यावर ठेवला आणि वर आपलाही ठेवला. मग वरच्या दारात साहेब उभे दिसले तेव्हा बाबांनी स्वतःच, कुणी न विचारता, उद्या रजा हवी असल्याचं सांगितलं. कशासाठी, तेही सांगितलं.

तिनं खुंटीवरचं जॅकेट काढून अंगात घातलं. अजून त्याला चहाचा वास येत होता.