पातळ पाइपची खुर्ची

खुर्ची उचलायला दोन माणसं लागली, तिथेच खरं तर फाटकवाल्याच्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण एका बाजूने तो आणि दुसऱ्या बाजूने टर्नर, असे दोघे धापा टाकत ती घरात घेऊन आले आणि खिडकीजवळच्या शिलाई मशीनपुढे ठेवली. फरशीवर असा आवाज झाला की मेहुणी ओले हात घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर धावली.

"काय पाडलंत, भावोजी?"

"पाडलं नाही, आणलं. तुझ्या ताईला खुर्ची केली. जाड लोखंडी अँगलची. हत्ती बसला तरी हलणार नाही."

"हत्तीला काही शिवायचं असेल तेव्हा बोलवू," मेहुणी म्हणाली.

फाटकवाला हे त्याचं नाव नव्हे. तो वेल्डर. गल्लीच्या टोकाला त्याचा गाळा होता आणि आयुष्यभर त्याने फाटकं, खिडक्यांचे गज आणि जिन्याचे कठडे केले होते. जाड लोखंड, जाड रॉड, चढा करंट. घर पडेल पण फाटक उभं राहील, असा जोड. शेजारच्या गाळ्यात लेथ चालवणारा टर्नर त्याचा लहानपणापासूनचा मित्र. तो म्हणायचा, "याच्याकडे सुई जोडायला द्या, पहार करून परत देईल."

फाटकवाल्याची बायको कपडे शिवायची. मुलींचे फ्रॉक, पडदे, शर्टाच्या झिजलेल्या कॉलरी. उन्हाळ्याच्या सुरुवातीला मशीनवरून उठता उठता तिला अर्धांगाचा झटका आला. ती कोसळली, तिच्याबरोबर खुर्चीही आडवी झाली आणि खुर्चीचा मागचा पाय जोडातून निघाला. दवाखान्यातून ती परत आली तेव्हा उजवा हात लुळा होता, उजवा पाय ओढावा लागत होता आणि शब्द एकेक करून येत होते, मध्ये मोठी मोकळी जागा सोडून. हळूहळू ती भिंतीच्या आधाराने चालू लागली. पण मशीनवर बसली नव्हती. सुईखाली त्या दिवशीचा अर्धा शिवलेला फ्रॉक अजून तसाच होता. तो काढायला कुणाचा हात धजला नव्हता.

आता ती भिंत धरत आली. नव्या खुर्चीकडे तिने गिऱ्हाइकाने आणलेल्या कापडाकडे बघावं तसं बघितलं. मग डावा हात पाठीच्या दांडीवर टाकून ओढलं. खुर्ची जागची हलली नाही. तिने पुन्हा ओढलं.

"अगं, मी सरकवतो ना," तो पुढे झाला.

"ती..." ती म्हणाली.

"तिरकी ठेवू?"

तिने मान हलवली. "ती... जु..."

"जुळत नाही? मशीनच्या उंचीला? पाय कापतो मग, त्यात काय आहे!"

तिने तोंड मिटलं. एकदा मिटलं की ते बहुतेक संध्याकाळपर्यंत उघडत नसे, हे आता त्याला माहीत झालं होतं. दवाखान्यात तिला बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं: त्यांना बोलू द्या. बोलायचं सोडलं तर जेवढं आहे तेवढंही जाईल. ते त्याच्या चांगलं लक्षात होतं. पण ती एखाद्या शब्दाशी अडली की त्याला राहवत नसे. कपाटावरून भांडं निसटलं की हात आपोआप पुढे जातो, तसा त्याचा शब्द पुढे जायचा. आणि दर वेळी भलताच असायचा. अलीकडे ती त्याच्याशी बोलायला सुरुवातच कमी करायची, आणि रात्री दिवा मालवला की त्याला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटायची.

"फाटक," ती एकदम म्हणाली. खुर्चीकडे बोट केलं आणि आत निघून गेली.

टर्नरने छताकडे बघत हसू गिळलं. "वहिनी बरोबर बोलल्या. कडी तेवढी राहिली बघ."

टर्नर गेल्यावर मेहुणीने त्याला ओट्याजवळ गाठलं. बहिणीच्या आजारपणापासून ती इथेच राहत होती आणि बोलण्यात कुणाची भीडभाड ठेवत नव्हती.

"भावोजी, मूग गिळून बसता येतं का तुम्हाला?"

"का, काय झालं?"

"ताई 'जुनी' म्हणत होती. तिला तिची जुनी खुर्ची हवीय. ताट तिच्या पुढ्यात, चप्पल तिच्या पायाशी, पाण्याचा पेला हातात. सगळं आपण देतो. तिला एक तरी वस्तू आपल्या हाताने ओढून घ्यायचीय. काल सांगितलं मला. वेळ लागला, पण सांगितलं."

"मग मला का नाही सांगत?"

"तुम्ही सांगू देता का? खुर्ची काय आणि बोलणं काय, दोन्हीकडे नाकापेक्षा मोती जड!"

तो गाळ्यावर गेला.

जुनी खुर्ची भंगाराच्या ढिगाखाली होती. त्यानेच रागाने तिथे फेकली होती, जणू तिनेच बायकोला पाडलं होतं. बाहेर काढली तेव्हा ती त्याच्या दोन बोटांवर उचलली गेली. पातळ पाइपची, पोकळ, पाठीला आणि बसायला विणलेली पट्टी. तिला ओढायला लहान मूलही चाललं असतं. आता हा एक पाय जोडायचा. एवढंच तर काम.

त्याने नेहमीचा रॉड होल्डरला लावला, करंट जरा उतरवला, काळी काच डोळ्यांपुढे घेतली आणि जोडाला टोक टेकवलं. ठिणगी पडली आणि पाइप नाहीसा झाला. कागदाला उदबत्ती टेकल्यावर भोक जसं कडेकडेने पसरत जातं तसं झालं. भोक बुजवायला त्याने आणखी धातू ओतला, तर कडा आणखी मागे सरकल्या. करंट अगदी उतरवला, तर रॉडच चिकटून बसला आणि ओढून काढताना जुना गंज लागलेला तुकडाही बरोबर आला. एवढ्याशा भोकाचं भगदाड झालं.

"कडीची सोय झाली," टर्नर दारातून म्हणाला. मग मित्राचा चेहरा बघून आत आला आणि खाली बसला. "अरे, तुझा हात जड आहे. लोखंड जाड असतं तेव्हा ते तुझं सगळं सोसतं. हे कसं सोसेल?"

दुपारी तो खुर्ची काखेत मारून घरी आला. लपवण्यात अर्थ नव्हता. बायको खाटेवर बसली होती. त्याने खुर्ची तिच्यासमोर ठेवली, भगदाड दाखवलं आणि कोरड पडली म्हणून माठाकडे गेला. पाण्याचा मोठा घोट तोंडात भरला होता, तेवढ्यात मागून तिचा आवाज आला.

"अस्..."

तो गर्रकन वळला. 'असं कसं केलंत' म्हणणार असेल, 'असू दे' म्हणणार असेल. दोन्ही उत्तरं त्याच्या जिभेवर तयार होती. पण तोंडात पाणी होतं. गिळायला गेला तर ठसका लागला, आणि तो गाल फुगवून, हात वर करून तसाच उभा राहिला.

"अस्... तर," ती म्हणाली.

त्याने पाणी गिळलं. "अस्तर?"

तिने मान डोलावली. तिच्या तोंडाची डावी बाजू हसली. मग तिने भगदाडात बोट घातलं आणि ते आत फिरवलं.

अस्तर. आतून. पातळ कापडाला आतून दुसरं कापड लावतात, म्हणजे टाका घातला तरी ते फाटत नाही. आयुष्यभर त्याने तिला ते लावताना बघितलं होतं. पाइपच्या आत घट्ट बसेल असा आणखी एक पाइप सरकवला, तर ठिणगीचा ताप दोघांत वाटला जाईल! त्याला एवढा आनंद झाला की तो बोलायलाच लागला होता. मेहुणीने भरलेला पेला त्याच्या हातात दिला.

"प्या," ती म्हणाली. "आणि गिळू नका."

त्याने घोट भरला आणि जमिनीवर मांडी घातली. बायकोने खाटेवरच्या बोचक्यातून विटक्या ओढणीचा झिरझिरीत तुकडा काढला, तो गुडघ्यावर डाव्या हाताने पसरला आणि त्यावर बोट टेकवलं.

"इथे... एक."

मग बोट उचललं. लगेच शेजारी टेकवलं नाही. ते हवेत धरून ती थांबली, आणि मग तुकड्याच्या पार दुसऱ्या टोकाला टेकवलं.

"इथे... एक. कच्चा... टाका." बराच वेळ गेला. खिडकीबाहेर कुणाची तरी सायकल खडखडत गेली. त्याच्या गालातलं पाणी कोमट झालं. "सलग... नाही. सलग... गेलं... की... चुण्या."

पेला रिकामा होईपर्यंत ती बोलत होती. इतकं ती त्याच्याशी खूप दिवसांत बोलली नव्हती. तिला घाम आला होता आणि तिने मेहुणीला खुणेनेच उशी मागितली. तो मात्र उठून जेवण विसरून गाळ्याकडे चालू लागला होता.

टर्नरने लेथवर पाइपचा एक तुकडा घासून बेतून दिला. "सासरी ठाण मांडलेल्या जावयासारखा घट्ट, निघायचा नाही," तो म्हणाला आणि हातोडीने हलकेच ठोकून तो आत बसवला. फाटकवाल्याने जळका भाग कापून टाकला, कडा पांढऱ्या होईपर्यंत गंज घासला आणि दोन्ही टोकं अशी भिडवली की मधून उजेड दिसेना. मिळाला तेवढा बारीक रॉड घेतला. करंट आधी भंगारातल्या पाइपवर लावून बघितला: रॉड चिकटत नाही आणि पाइपही वितळून पळत नाही, अशी एक जागा काट्यावर सापडली.

मग त्याने खुर्चीला पहिला टाका घातला. टेकवलं, ठिपका बसला, उचललं.

आणि थांबला.

हे त्याला येत नव्हतं. फाटकाच्या जोडावर रॉड एकदा लागला की संपेपर्यंत ओढत न्यायचा, हीच त्याची रीत. आता काळी काच वर करून तो ठिपक्याकडे बघत राहिला. पांढरा, मग नारिंगी, मग पिकल्या बोरासारखा लाल. लाली जाईपर्यंत हात लावायचा नाही. हात शिवशिवत होता. त्याने शेजारची बाटली उचलली आणि पाण्याचा घोट तोंडात धरला.

"हे काय नवीन?" टर्नरने विचारलं.

फाटकवाल्याने फुगलेल्या गालांनीच मान हलवली. ठिपका काळा झाला. पाइप फिरवून त्याने बरोबर समोरच्या बाजूला दुसरा टाका घातला, आणि पुन्हा थांबला. एकदा घाई झाली. लाली पुरती गेली नव्हती आणि तो शेजारीच टेकवायला गेला. पाइप मऊ होऊन खचू लागला. त्याने हात झटकन मागे घेतला. भोक पडलं नाही, पण खळगा राहिला. तो खळगा बघताना त्याला उगाच सकाळचं तिचं मिटलेलं तोंड आठवलं.

उन्हं गाळ्याच्या उंबऱ्यापर्यंत उतरली तेव्हा ठिपके एकमेकांना भिडले होते. त्याने हातोडीने जोडावरची जळकी खपली हळूच काढली. खाली मुंग्यांची रांग असावी तसा ओबडधोबड जोड होता. त्याच्या फाटकांवर असा जोड त्याने कधी खपवून घेतला नसता. त्याने खुर्चीवर आपलं सगळं वजन टाकलं. नंतर टर्नरला बसवलं. टर्नर मुद्दाम डुलला. पाय हलला नाही.

"पहारीची सुई झाली," टर्नर म्हणाला.

घरी अँगलची खुर्ची अजून मशीनपुढे होती. ती त्याने मेहुणीच्या मदतीने दाराकडे सरकवली. जुनी खुर्ची भिंतीला लावून ठेवली, मशीनपासून चार पावलं दूर, आणि मशीनच्या मोटारीचं पॅडल डाव्या पायाला सापडेल असं खाली सरकवलं. मग माठातून तोंडभर पाणी घेऊन तो दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

ती भिंत धरत आली. दुरुस्त केलेला पाय तिने अंगठ्याने चाचपला, टाके मोजावेत तसा. डावा हात पाठीच्या दांडीवर ठेवला आणि ओढलं.

खुर्ची आली. फरशीवर कुरकुरत, वाकडीतिकडी, पण तिच्या मागोमाग आली. एका जागी दोन फरश्यांच्या फटीत पाय अडकला. फाटकवाल्याचा हात पुढे गेला आणि मेहुणीने त्याचा शर्ट मागून धरला. बायकोने खुर्ची जरा उचलली, फट ओलांडली आणि मशीनपुढे आणून ठेवली. मग ती दांडीला धरून वळली आणि सावकाश बसली. खुर्ची करकरली आणि गप्प झाली.

तिने फ्रॉकवर डाव्या हाताचा पंजा ठेवला. पॅडल दाबलं. मशीन थोडंसं धावलं आणि तिने थांबवलं. शिलाई जराशी वाकडी गेली होती. तिने ती बघितली, पण उसवली नाही.

"ते... फाटक..." ती खिडकीकडे बघतच म्हणाली.

फाटकवाला थांबला. मेहुणीही थांबली.

"बाहेर... ओट्यावर... ठेवा. तुमच्या... मित्राला... बसायला... होईल."

तिने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. गाल फुगलेले, डोळे भरलेले, हनुवटीवरून पाण्याचा एक ओघळ.

"गिळा," ती म्हणाली. "झालं... माझं."