बंदराच्या फाटकावरची कमान

शोभेची कमान समजू नका मला, मित्रांनो. मी बंदराच्या फाटकावरची जुनी पहारेकरीण आहे. माझ्या दोन्ही खांबांत किरणोत्सार ओळखणारे पट्टे आहेत. कुणा अतिरेक्याने माणसं मारायला घातक किरणांचं द्रव्य ट्रकमधून नेलं, तर मी ठणाणा करायचा, एवढ्यासाठी माझा जन्म.

पण थोडी किरणं फरश्यांतही असतात, केळ्यांतही. त्यामुळे मी रोज वाजायचे. शेजारच्या केबिनमधल्या साहेबांनी त्यावर काढलेला तोडगा ऐका. मी वाजले की ते खुर्चीतूनच हात हलवायचे, "फरश्या असतील. सोडा!" लोक त्यांना माघारी 'असतीलसाहेब' म्हणत.

मग नव्या तपासनीस बाई आल्या. मी वाजले की त्या किरणं मोजायचं हातयंत्र घेऊन उठायच्या, ताडपत्री सोडायला लावायच्या, माल उतरवायच्या.

"अहो बाई, फरश्याच निघणार," साहेब वैतागायचे.

"निघू देत ना. बघितल्यावर मीही फरश्याच म्हणेन."

एका दुपारी त्या असाच एक ट्रक उतरवत होत्या, तेव्हा रांगेतला मागचा टेम्पो हळूच वळून पसार झाला. बाईंनी लगेच पोलिसांना कळवलं. टेम्पो पुलाखाली बेवारस सापडला. आत रुग्णालयातून चोरलेलं, कर्करोगावरच्या यंत्रातलं द्रव्य होतं. आजाऱ्यांचे उपचार पळवणारे हे शूरवीर! म्हणे मरणाला भीत नाहीत. नसतील. फजितीला मात्र भितात. एवढी जुळवाजुळव करायची आणि एका बाईने ताडपत्री सोडून सगळ्यावर पाणी फिरवायचं, या विचारानेच त्यांची पाचावर धारण बसली.

सत्कार मात्र माझा झाला. मोठे पाहुणे माझ्यासमोर फोटो काढून गेले. "ही कमान बघूनच पळाले ते," असतीलसाहेब सांगत होते. मला मेलीला लाज वाटली. ट्रक खोळंबतात अशी व्यापाऱ्यांची तक्रार होतीच. बाईंची बदली झाली.

जाताना त्यांनी हातयंत्र साहेबांच्या टेबलावर ठेवलं. "साहेब, ही वाजली की एवढं घेऊन उठत जा."

"हो हो, बघू."

त्या यंत्रावर साहेब आता टोपी ठेवतात.

मित्रांनो, मला पुसू नका, रंग देऊ नका. वाजणं माझं काम, उठणं तुमचं. पळालेले ते लोक अजून मोकळे आहेत. ते कुठून तरी बघतच असणार, आणि बसून राहिलेला माणूस लांबूनही ओळखू येतो.

आत्ता माझ्याखाली एक ट्रक उभा आहे आणि मी वाजतेय. असतीलही फरश्या. पण कुणीतरी उठा रे!